पापणी लवते आहे काय?

नल-दमयंतीचे आख्यान आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. महाभारताच्या वनपर्वातील ही कथा रघुनाथ पंडितांनी मराठीत आणली आणि कीर्तनकारांनी ती गावोगाव पोचविली. स्वयंवराच्या मंडपात दमयंती हाती माळ घेऊन आली, तो तिच्यापुढे एकाच रूपाचे पाच नल बसलेले. त्यांपैकी चौघे होते इंद्र, अग्नी, वरुण आणि यम. चेहरेपट्टीवरून निवड करण्याची सोयच उरली नाही. अखेर तिने देवांनाच शरण जाऊन विनविले, तेव्हा त्यांनी आपली देवलक्षणे प्रकट केली. चौघांच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता, धुळीचा कण नव्हता. त्यांच्या माळा टवटवीत होत्या, पाय भूमीला टेकलेले नव्हते, सावली पडत नव्हती आणि पापण्या लवत नव्हत्या. पाचव्याची माळ कोमेजली होती, अंगावर धूळ आणि घाम होता, सावली पडली होती आणि पापणी लवत होती. दमयंतीने माळ त्याच्या गळ्यात घातली.

या कथेतले काव्य मराठीचे प्राध्यापक उलगडून सांगतील. प्रस्तुत लेखकाला तिच्यात दिसते ती एक तांत्रिक गोष्ट. 'हा चेहरा कोणाचा?' हा दमयंतीपुढचा प्रश्न नव्हताच. त्याचे उत्तर पाचही वेळा 'नलाचा' असेच आले असते. प्रश्न होता, 'यांतला हाडामांसाचा माणूस कोणता?' चेहरा ओळखणाऱ्या संगणकापुढे आज नेमका हाच प्रश्न उभा आहे, आणि त्याने दिलेल्या उत्तरावर माणसांचे निवृत्तिवेतन, बँकेतील खाते, विमानतळावरचा प्रवेश अशा गोष्टी अवलंबून राहू लागल्या आहेत.

निवृत्तिवेतनाचेच पाहू. सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्यास वर्षातून एकदा, बहुधा नोव्हेंबरात, हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे आपल्याकडच्या खेड्यांतून माजी सैनिक पुष्कळ. त्यांनाही यातून सुटका नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' ही योजना सुरू केली, तेव्हापासून आधार क्रमांक व बोटाचा ठसा यांच्या साहाय्याने हा दाखला संगणकावर देता येऊ लागला. परंतु उतारवयात बोटांवरच्या रेषा झिजतात. जन्मभर नांगर धरलेल्या किंवा भांडी घासलेल्या हातांच्या तर अधिकच. म्हणून नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्यावरून दाखला देण्याची सोय झाली. मोबाईलचा कॅमेरा चेहऱ्यासमोर धरावयाचा. सूचना येते की पापण्यांची उघडझाप करा. आजोबांनी पापणी लवविली, चेहरा नोंदीशी जुळला, की ते हयात ठरले. 'हयातीचा दाखला' हे शब्द इतके शब्दशः खरे यापूर्वी कधी झाले नसतील.

पण पापणीच कशासाठी? चेहरा जुळला एवढे पुरेसे का होत नाही?

त्यासाठी यंत्र चेहरा 'पाहते' म्हणजे काय करते हे थोडे समजून घ्यावे लागेल. यंत्राच्या दृष्टीने छायाचित्र म्हणजे उजळ-काळ्या ठिपक्यांचे एक मोठे कोष्टक. त्यावर अनेक गणिती संस्कार करून शेवटी थोडेसे आकडे उरवावयाचे असतात. गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'फेसनेट' या पद्धतीत एका चेहऱ्याचे अवघे १२८ आकडे होतात. एकाच माणसाची दोन छायाचित्रे, एक उन्हातले व एक दिव्याखालचे, एक हसरे व एक गंभीर, यांतून येणारे आकडे एकमेकांच्या जवळ पडावेत, आणि दोन निराळ्या माणसांचे दूर पडावेत, हे यंत्राला लक्षावधी छायाचित्रे दाखवून शिकविलेले असते. प्रकाश, वय, दाढी, चष्मा यांकडे दुर्लक्ष करावयाचे, हेच त्याचे शिक्षण. मग कागद आणि कातडी यांतील फरकाकडे त्याने दुर्लक्ष केले, तर दोष कोणाचा? ओळखण्याच्या कामात यंत्र जितके तरबेज, तितके ते एखाद्या साध्या छायाचित्रावर संतुष्ट होण्याची शक्यता अधिक. ही गोष्ट प्रथम ऐकताना विपरीत वाटते, पण या साऱ्या विषयाचे मूळ तिच्यात आहे.

आपल्या इतिहासात तोतया म्हटला की पानिपतानंतरचा सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवतो. तो १७७६ मध्ये मारला गेला. तो जिवंत होता, पण भाऊ नव्हता. छायाचित्राची तऱ्हा याच्या उलट: चेहरा खरा, त्याच माणसाचा, फक्त त्यात जीव नाही. पहिल्या तोतयाला पकडावयाचे काम चेहरा ओळखणाऱ्या भागाचे. दुसऱ्याला पकडावयाचे काम त्याला जमणारे नाही. त्यासाठी निराळा पहारेकरी नेमावा लागतो. त्यालाच 'लाइव्हनेस डिटेक्शन' म्हणतात. आपण त्याला जिवंतपणाची पारख म्हणू.

हा दुसरा पहारेकरी नसला म्हणजे काय होते, ते २००९ मध्ये दिसून आले. व्हिएतनाममधील एका संगणक-सुरक्षा संस्थेच्या संशोधकांनी लेनोवो, आसुस व तोशिबा या कंपन्यांच्या त्या वेळच्या लॅपटॉपमधील चेहऱ्याची कुलपे मालकाचे छायाचित्र दाखवून उघडून दाखविली. अँड्रॉइड मोबाईलमध्ये २०११ साली तसेच कुलूप आले, त्याचीही तीच गत झाली.

यावर सुचलेला पहिला उपाय दमयंतीचाच होता. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारणपणे पंधरा-वीस वेळा पापणी लववितो, आणि एकेक लवणे सेकंदाच्या एक ते चार दशांशांत आटोपते. सेकंदाला ३० चित्रे टिपणाऱ्या साध्या कॅमेऱ्याच्या हाती त्यातली तीन ते बारा चित्रे लागतात, म्हणजे काम भागण्याजोगे. चीनमधील झेजियांग विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये या मार्गाने छायाचित्र आणि माणूस वेगळे करून दाखविले. २०१२ च्या अँड्रॉइडमध्ये पापणी लवविण्याची अट आली. लोकांनी काय केले? छायाचित्रातल्या डोळ्यांवर कातडीचा रंग फासून मिटलेल्या डोळ्यांचे दुसरे चित्र तयार केले, आणि दोन्ही चित्रे आलटून पालटून पडद्यावर फिरविली. कुलूप उघडले! याहून गावठी युक्ती म्हणजे छापील छायाचित्राच्या डोळ्यांच्या जागी भोके पाडावयाची आणि मागून आपले डोळे लावावयाचे. ही युक्ती इतकी ठरलेली, की चिनी विज्ञान अकादमीने २०१२ मध्ये ५० माणसांच्या चित्रफितींचा जो अभ्याससंग्रह सिद्ध केला, त्यात डोळे कापलेल्या छायाचित्रांचा एक स्वतंत्र प्रकारच आहे.

तेव्हा हालचालीवरून लक्ष काढून काहींनी ते पोतावर वळविले. छापलेल्या चित्रात शाईचे ठिपके असतात, कागदाला स्वतःची चमक असते. मोबाईलच्या पडद्यावर चौकटींची बारीक जाळी असते, आणि कॅमेऱ्याच्या आतही तशीच जाळी असते. पातळ मलमलीचे दोन पदर एकमेकांवर धरले असता लाटांसारखी जी नक्षी उमटते, तशीच या दोन जाळ्यांच्या भेटीतून उमटते. डोळ्याला ती नेहमीच दिसते असे नाही, पण गणिताला दिसते. फिनलंडमधील औलू विद्यापीठाने यासाठी वापरलेली रीत इतकी सोपी आहे की ती वहीच्या पानावर करून पाहता येईल. चित्रातला एक ठिपका घ्या. त्याच्या भोवतीचे आठ ठिपके क्रमाने पाहा. शेजारी मधल्याइतका किंवा त्याहून उजळ असेल तर १ लिहा, नसेल तर ०. आठ जागांवर ० किंवा १, म्हणजे एकूण २५६ प्रकार. चेहऱ्याच्या निरनिराळ्या भागांत यांपैकी कोणता प्रकार किती वेळा येतो याची मोजदाद केली की पोताचा एक ताळेबंद हाती येतो. आणि कागदाचा ताळेबंद कातडीच्या ताळेबंदाहून वेगळा निघतो. २०११ मध्ये या विद्यापीठाच्या संशोधकांनी ही रीत छायाचित्रांच्या लबाडीवर चालवून उत्तम निकाल मिळविले.

मात्र येथे एक मेख आहे, आणि ती परीक्षेला बसणाऱ्यांना चटकन समजेल. गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका घोकून बसलेला विद्यार्थी तेच प्रश्न आले तर पैकीच्या पैकी गुण मिळवितो. परीक्षक बदलला की त्याची त्रेधा उडते. पारख करणाऱ्या यंत्रांचे असेच होते. एका संग्रहावर शिकविलेले यंत्र त्याच संग्रहावर तपासले तर क्वचितच चुकते. दुसऱ्या कॅमेऱ्याने, दुसऱ्या प्रकाशात, दुसऱ्या कागदावर केलेल्या संग्रहावर तपासले की चुका कितीतरी पटींनी वाढतात. विक्रेत्याने सांगितलेली टक्केवारी ऐकताना 'कोणाच्या प्रश्नपत्रिकेवर?' असे विचारावे ते यासाठी.

पोत फसवते, तर आकार तरी फसवू नये. चेहरा उंच-सखल असतो, छायाचित्र सपाट. कॅमेरा जवळ आणला असता खऱ्या चेहऱ्याचे नाक कानांच्या मानाने झपाट्याने मोठे होते. छायाचित्रात नाक-कान सारख्याच प्रमाणात वाढतात. म्हणून काही ठिकाणी 'मोबाईल जवळ आणा, दूर न्या' असे सांगितले जाते. ॲपलने २०१७ मध्ये आयफोन टेनमध्ये याहून खर्चिक मार्ग धरला: डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे ३०,००० हून अधिक ठिपके चेहऱ्यावर टाकावयाचे आणि ते कसे पसरतात यावरून उंचसखलपणा मोजावयाचा. मोबाईलच्या पडद्यातून अवरक्त प्रकाश जवळजवळ बाहेर पडतच नाही. त्यामुळे अवरक्त कॅमेऱ्यासमोर पडद्यावरचा चेहरा धरला तर त्याला काळी पाटी तेवढी दिसते. कागद आणि पडदा दोन्ही बाद झाले. राहिले मुखवटे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात व्हिएतनाममधील बीकेएव्ही या कंपनीने सुमारे १५० डॉलर खर्चून केलेल्या मुखवट्याने हे कुलूप उघडल्याचे जाहीर केले. असा मुखवटा करण्यास मालकाच्या चेहऱ्याची बारकाईने मापे घ्यावी लागतात, त्यामुळे सामान्य चोराच्या तो उपयोगाचा नाही, हे खरे. परंतु मुखवट्याला उंची-खोली दोन्ही असतात, हेही खरे.

मुखवट्याजवळ नसते ते रक्त. या विषयातला सर्वांत सुंदर भाग माझ्या मते हाच. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर चेहऱ्याच्या कातडीखालच्या सूक्ष्म वाहिन्यांत किंचित अधिक रक्त येते. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेते. म्हणजे ठोक्यागणिक आपला चेहरा हिरव्या रंगात अगदी नकळत काळवंडतो आणि पुन्हा उजळतो. आरशात हे दिसणार नाही, आईलाही दिसणार नाही. पण कपाळावरच्या हजारो ठिपक्यांची सरासरी काढीत गेले तर मिनिटाला साठ-सत्तर हेलकावे घेणारी एक बारीक लाट सापडते. साध्या कॅमेऱ्याने, खोलीतल्या साध्या उजेडात, हे करता येते असे २००८ मध्ये दाखविले गेले; २०१६ मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी मुखवटे ओळखण्यास त्याचा उपयोग केला. वैद्याने मनगट न धरता नाडी पाहावी, तसा हा प्रकार.

पण लाट फार क्षीण असते. माणूस जरा हलला, दिवा लुकलुकला, चित्रफीत पाठविताना तिचा आकार दाबून लहान केला, की ती हरवते. शिवाय कातडी सावळी असेल तर तिच्यातील मेलॅनिन बराच प्रकाश आधीच गिळून टाकते आणि लाट आणखी बारीक होते. गोऱ्या चेहऱ्यांवर पारखलेले यंत्र आपल्याकडे आणून लावले, तर ते कोणाला आधी नाकारील, हे सांगावयास ज्योतिषी नको. आणि लबाडीकडून तरी हे लक्षण सुरक्षित आहे काय? एका माणसाच्या हावभावांवर दुसऱ्याचा चेहरा चढवून संगणक जी बनावट चित्रफीत तयार करतो, तीत मूळ माणसाच्या नाडीचे ठोके उतरलेले असू शकतात, असे २०२५ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी दाखवून दिले.

एक वाट अशी की, लक्षण ठरवूनच ठेवावयाचे नाही. पहारेकऱ्याने दर रात्री परवलीचा शब्द बदलावा, तसे यंत्राने आयत्या वेळी काहीतरी सांगावे: डावीकडे पाहा, आता हसा, हे तीन आकडे वाचा. किंवा काहीही न सांगता पडद्यावर तांबडा, हिरवा, निळा असे रंग स्वैर क्रमाने चमकवावेत आणि चेहऱ्यावरून परत येणारा उजेड त्याच क्रमाने बदलतो की नाही ते पाहावे. कालच्या चित्रफितीला आजचा क्रम कसा ठाऊक असणार? ही कल्पना चोख आहे, पण तिने एक गोष्ट गृहीत धरलेली असते: समोरची चित्रे खरोखरच कॅमेऱ्यातून येत आहेत. शांघायमध्ये २०२१ साली उघडकीस आलेल्या एका खटल्यात आरोपींनी लोकांची छायाचित्रे विकत घेतली, संगणकाकडून ती चालती-बोलती केली, म्हणजे मान हलविणारी, पापणी लवविणारी, तोंड उघडणारी, आणि मोबाईलच्या कॅमेऱ्याला बाजूला सारून ही चित्रफीत थेट सरकारी करखात्याच्या प्रणालीत सोडली. त्यातून सुमारे ५० कोटी युआनच्या खोट्या पावत्या फाडल्या गेल्या. येथे कॅमेऱ्यासमोर कागद नव्हता, पडदा नव्हता, मुखवटा नव्हता, कोणीच नव्हते. म्हणून आता चेहऱ्याबरोबर मोबाईलचीही झडती घ्यावी लागते: कॅमेरा खरा आहे काय, मधे कोणी चित्र बदलले काय. देवडीवर पहारा चोख, आणि चोर माडीवरून उतरलेला, असे होऊ नये म्हणून.

येथवर आपण चोराकडून पाहिले. आता साव माणसाकडून पाहू, कारण माझ्या मते खरी अडचण तेथे आहे.

पारख करणारे यंत्र दोन तऱ्हांनी चुकते: सोंगाला माणूस समजते, किंवा माणसाला सोंग समजते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकाने, ज्याचा क्रमांक ३०१०७-३ आहे, या दोन चुका वेगवेगळ्या मोजावयास सांगितल्या आहेत, आणि ते योग्यच आहे. कारण त्या एकमेकींशी बांधलेल्या असतात. चाळणीची भोके बारीक केली की खडे अडतात, पण तांदूळही अडतो. समजा, यंत्र शंभर खऱ्या माणसांपैकी एकालाच नाकारते. ऐकावयास किती थोडे! पण दाखला देणारे एक कोटी असतील तर नाकारलेले एक लाख होतात. बरे, हे एक लाख चिठ्ठ्या टाकून निवडलेले नसतात. पक्षाघाताने ज्यांच्या चेहऱ्याची एक बाजू हलत नाही, ज्यांचे हात कापतात, ज्यांना पडद्यावरची सूचना दिसत नाही वा ऐकू येत नाही, तीच ती माणसे. आणि पुढच्या वर्षीही तीच नाकारली जातील. चोर अडला तर तो दुसरी युक्ती शोधतो. आजींजवळ दुसरा चेहरा नसतो.

हे केवळ तर्काचे बोलणे नाही. ॲसिड-हल्ल्यातून वाचलेल्या एक महिला २०२३ मध्ये बँकेत खाते उघडावयास गेल्या. ओळख पटविण्याच्या प्रक्रियेत जिवंतपणाची खूण म्हणून पापणी लवविणे आवश्यक होते. हल्ल्यात त्यांच्या डोळ्यांना अशी इजा झालेली, की पापणी लवविणे त्यांना शक्यच नव्हते. बाई समोर उभ्या, आणि यंत्राच्या लेखी त्या जिवंत नाहीत! त्यांनी व इतर पीडित महिलांनी सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. एका दृष्टिहीन नागरिकाची याचिकाही सोबत होती, कारण चेहरा चौकटीत धरा म्हटले तरी चौकट दिसावयास हवी ना? न्या. पारडीवाला व न्या. महादेवन यांनी ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यांनी म्हटले आणि वीस निर्देश दिले. पापणी लवविण्याखेरीज जिवंतपणा पटविण्याचे अन्य मार्गही उपलब्ध असावेत, हे त्यांतले मुख्य.

या निकालाचे महत्त्व यंत्र बनविणाऱ्यांनाही आहे. पापणी हे एक लक्षण. जिवंतपणा म्हणजे पापणी नव्हे. मंडपातल्या नलाची सहा लक्षणे दमयंतीने पाहिली होती. त्यांतले एखादे नसते तरी तिची निवड अडली नसती. एकच खूण मागणारे यंत्र बनविणे स्वस्त पडते, एवढेच त्याचे समर्थन.

आता ज्या विद्यार्थ्यांना येत्या नोव्हेंबरात आजी-आजोबांचा दाखला मोबाईलवर करून द्यावयाचा आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. पाठीमागे खिडकी किंवा दिवा असू नये. उजेड समोरून यावा. कॅमेऱ्याची काच धोतराच्या सोग्याने का होईना, पुसून घ्यावी. चष्म्याच्या काचेत दिवा चमकत असेल तर चष्मा काढावा. मोबाईल आजोबांच्या हाती न देता आपण स्थिर धरावा, आणि पडद्यावरची सूचना त्यांच्या भाषेत, मोठ्याने सांगावी; घाईत पापण्या एकसारख्या फडफडविण्यापेक्षा सावकाश मिटून उघडणे बरे. अनोळखी माणसाने व्हिडिओ-कॉलवर 'मान वळवा, पापणी लववा' असे सांगितले तर मात्र तत्काळ कॉल बंद करावा. अशा हालचालींची चित्रफीत कशाच्या कामी येते ते वर आलेच आहे. आणि दोन-तीनदा करूनही यंत्राने नकार दिला, तर त्याच्याशी झटापट करीत बसू नये. बँकेत जाऊन कागदी दाखल्यावर सही करता येते. पोस्टाच्या बँकेचा पोस्टमनही थोडे शुल्क घेऊन घरी येऊन दाखला करून देतो. बँकेत जाताना आधार कार्ड आणि पेन्शनचे पुस्तक बरोबर न्यावे.